पाय कुणाचा

अपघातानंतर माणसाला दोन गोष्टी मिळतात, प्लास्टर आणि सल्ले. प्लास्टर यथावकाश कापून काढतात. सल्ल्यांसाठी तसली करवत अजून निघालेली नाही.

तिच्या गुडघ्याचं प्लास्टर निघून पट्टा आला होता, तरी सल्ले चालूच होते. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी गुडघ्याकडे बघायचा, मग चेहऱ्याकडे, आणि मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणायचा. "क्लेम केलात की नाही?" जणू गुडघा हे लॉटरीचं तिकीट होतं आणि तिने ते कपाटात विसरून ठेवलं होतं.

सगळ्यात जास्त माहिती धाकट्या दिरांना होती. ते निवृत्त झाल्यापासून सगळ्याच विषयांत कामाला लागले होते.

"वहिनी, तो पट्टा काढू नका."

"भावोजी, डॉक्टरांनीच सांगितलंय, घरात काढून बसत जा."

"डॉक्टरांचं काय जातंय! खिडकीतून कुणी बघितलं, फोटो काढला, संपलं. विमावाले माणसं ठेवतात त्यासाठी. आणि चालताना जरा अजून लंगडा."

"जरा अजून म्हणजे? मी आत्ता काय नाचतेय?"

"तसं नाही हो. पण तुम्ही आहे तेवढंच लंगडता. ते दिसायला पाहिजे ना माणसाला!"

ती एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर उभं राहून डॉक्टरांच्या हातात एकेक हत्यार द्यायचं, रुग्णाच्या गालात कापूस भरायचा, आणि "आता दुखणार नाही" हे वाक्य विश्वास बसेल अशा सुरात म्हणायचं, हे तिचं काम. वर्षानुवर्षं उघड्या तोंडांसमोर उभी राहिल्यामुळे कुणाचं बोलणं किती खोल जाऊन किडलंय याचा तिला बरा अंदाज होता. आता उभं राहणंच बंद झालं होतं. दवाखान्याने तिच्या जागी तात्पुरती एक मुलगी घेतली होती, आणि तात्पुरत्या माणसांचं पुढे काय होतं हे ती जाणून होती, कारण तीसुद्धा तिथे तात्पुरतीच लागली होती.

तिच्या नवऱ्याला सगळे सर म्हणत. ते मोटार चालवायला शिकवत. अर्ध्या शहराने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता. त्यांच्या गाडीच्या छपरावर त्रिकोणी पाटी होती, आणि पाटीवर शाळेच्या नावाखाली लिहिलं होतं, 'आजवर एकही अपघात नाही'. शिकवण्याच्या गाडीत असतो तसा त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. चालवणाऱ्याचा पाय कुठेही असो, शेजारून सरांनी आपला ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी. पाटीवरच्या वाक्याचं निम्मं श्रेय त्या दुसऱ्या ब्रेकला आणि उरलेलं सरांच्या उजव्या पायाला जात होतं.

त्या पायाची घरात दंतकथा झाली होती. टीव्हीवर गुंडाची गाडी वळणावर वेगात आली की सोफ्यावर बसलेल्या सरांचा पाय चटईत रुतायचा. बसमध्ये ते पुढच्या बाकाच्या पायाला ब्रेक लावत. एकदा साडूंच्या नव्या गाडीतून जाताना त्यांनी इतक्या वेळा फरशी दाबली, की साडूंनी मध्येच गाडी उभी करून विचारलं, "खाली काही सांडलंय का?" झोपेतसुद्धा पाय अधूनमधून झटका द्यायचा. ती अशा वेळी पांघरूण सारखं करून म्हणायची, "गेली गाडी, झोपा आता." सरांना यातलं काहीही ठाऊक नसे. डोक्याला न विचारता पाय परस्पर कामावर जात होता.

अपघात झाला तो भर दुपारी, अगदी साध्या रस्त्यावर. पडद्यांचं कापड घेऊन दोघं परत येत होती. गाडी ती चालवत होती. घरात तीच एक गाडी असल्यामुळे छपरावरची पाटी काढून बाजारात न्यायची आणि परत आणून पाटी लावायची, हा रिवाज होता. शेजारी सर मांडीवर कापडाचं गाठोडं घेऊन निळा रंग जरा भडकच झाला का, यावर बोलत होते. डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी 'थांबा' अशी पाटी होती. तिथून हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कंपनीची व्हॅन न थांबता बाहेर आली.

तिला व्हॅन दिसली. आणि त्याच क्षणी तिला हेही दिसलं, की पुढचा रस्ता मोकळा आहे आणि आपण निघून जाऊ शकतो. तिने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिन ओरडलं. आणि गाडी थांबली.

चौकाच्या बरोबर मध्ये, व्हॅनसमोर, मापात बसवल्यासारखी. व्हॅनने दुसऱ्या बाजूला वळायचा प्रयत्न केला, गाडीच्या पुढून फिरली आणि तिच्याच दरवाजावर येऊन आदळली. दरवाजा आत आला आणि गुडघा जिथे होता तिथे तो मुक्कामाला राहिला. सरांना खरचटलंही नाही. कापडाने वाचवलं असं ते पुढे बरेच दिवस सांगत होते.

ती शुद्धीवर होती. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडून पांढऱ्या शुभ्र चादरी रस्त्यावर पडल्या होत्या आणि लोक त्यांच्यावरून चालत येत होते, हे तिला स्पष्ट आठवत होतं. आपला पाय कुठे होता, हे त्याहून स्पष्ट.

इस्पितळात तिला आत घेऊन जाताना सर चाकांच्या खाटेबरोबर चालत होते. त्यांनी तिचा हात धरला आणि अत्यंत मायेने म्हणाले, "घाबरून ब्रेक दाबलास ना एकदम? असू दे. होतं असं. भल्याभल्यांचं होतं."

ती काही बोलली नाही. एक तर गुडघा बोलू देत नव्हता. आणि दुसरं म्हणजे, ज्याने केलं त्यानेच आपल्याला माफ केल्यावर नेमकं काय म्हणतात, याचा तिला सराव नव्हता.

पुढे त्या माफीचा हप्त्याहप्त्याने वर्षाव झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर सांगत, "व्हॅनवाल्याची चूक शंभर टक्के. हिने फक्त गडबडून मध्येच ब्रेक मारला, पण मी हिला एका शब्दाने बोललो नाही." लोक सरांकडे कौतुकाने बघत. ती छताकडे बघे. त्या छताला एक तडा होता, तो आधी ट्यूबलाइटपर्यंत होता, आता तिच्या डोळ्यांदेखत पंख्यापर्यंत आला होता.

ते मुद्दाम खोटं बोलतायत, की त्यांना खरंच माहीत नाही? या एका प्रश्नाने तिला गुडघ्यापेक्षा जास्त दमवलं होतं. मुद्दाम असेल, तर इतकी वर्षं आपण कुणाच्या शेजारी झोपलो? माहीतच नसेल, तर ते सांगायचं कसं? ज्या माणसाचं सगळं आयुष्य, सगळी पाटी, एका पायावर उभी आहे, त्याला त्या पायाबद्दल काय सांगणार?

म्हणून ती गप्प राहिली, आणि ठरवून टाकलं की आपण यापुढे गाडी चालवणार नाही. सर म्हणाले, "मी आग्रह करणार नाही. मनातली भीती हळूहळू जाते." तिने उशी भिंतीच्या बाजूला घेतली.

*

वकीलबाई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. परवान्याच्या परीक्षेत त्या वारंवार नापास झाल्या होत्या आणि शेवटी पास झाल्या तो दिवस सरांनी पेढ्यांऐवजी सुटकेचा श्वास वाटून साजरा केला होता. घरी आल्या की त्या अजूनही सरांसमोर जरा ताठ बसायच्या, आणि आरसा नसतानाही मागे बघायच्या.

"काकू, निष्काळजीपणाच्या दाव्यात सोपं गणित असतं," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर प्रत्येकाने दुसऱ्याची काळजी घ्यायची असते. ती घेतली नाही, हे एक. त्यामुळेच इजा झाली, हे दुसरं. आणि इजा खरी आहे, हे तिसरं. व्हॅनवाला पाटीवर थांबला नाही, म्हणजे पहिलं झालं. तुमचा गुडघा, म्हणजे तिसरं झालं."

"आणि दुसरं?"

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "दुसऱ्यात व्हॅनचे विमावाले अडवतायत. त्यांचं म्हणणं, व्हॅन आली हे खरं, पण बाईंनी चौकात मध्येच गाडी उभी केली नसती तर धडक झालीच नसती. म्हणजे अर्धा निष्काळजीपणा तुमचा. म्हणजे भरपाई अर्धी."

"अर्धी?" कोपऱ्यातून दीर म्हणाले. "गुडघा काय अर्धा मोडलाय?"

"भावोजी, तुम्ही जरा..."

"नाही, मी तत्त्वाचं बोलतोय."

सर खिडकीशी उभे होते. ते समजूतदारपणे म्हणाले, "आता हिने घाबरून ब्रेक दाबला ही वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थितीला आपण काय करणार? अर्धं तर अर्धं. मी तिला दोष देत नाही."

"नाही देत ना," ती म्हणाली. "रोज सांगता."

दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागणारे पैसे अर्ध्यात बसणार नव्हते. ती झाली नाही तर गुडघा वाकणार नव्हता, आणि न वाकणाऱ्या गुडघ्याने दवाखान्यात उभं राहता येणार नव्हतं. हे सगळं खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सर चहा टाकायला आत गेले. त्यांच्या मागोमाग, आधण किती ठेवायचं हे सांगायला, दीर गेले.

वकीलबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली. पण यांनी आवाज खाली आणला तो सल्ला द्यायला नव्हे.

"काकू, मी त्या गाडीत खूप दिवस बसलेय. लाल दिव्याला मी ब्रेक दाबायच्या आधी गाडी थांबायची. मला वाटायचं, मीच थांबवली. परीक्षेच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता, तेव्हा कळलं मला ब्रेक दाबताच येत नाही." त्या आणखी पुढे झुकल्या. "पाय कुणाचा होता?"

आत भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज झाला.

"तुमचा नसेल," वकीलबाई घाईने म्हणाल्या, "तर तुमचा हिस्सा कापताच येणार नाही. मग व्हॅनवाले आणि सरांच्या गाडीचे विमावाले आपापसात भांडतील, किती कुणाचं. तुमचं पूर्ण मिळेल. मात्र सरांवर नोंद होईल. परवाना कार्यालय बोलावेल. पाटीवरचं वाक्य..."

"माझाच," ती म्हणाली.

"काकू..."

"माझाच पाय होता. लिहा."

वकीलबाईंनी लिहिलं नाही. टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "व्हॅनच्या विमा कंपनीचा तपासनीस येतोय सोमवारी. जागेवर घेऊन जाईल. तो नेहमी असंच करतो. त्याच्यासमोर विचार करून बोला."

*

तपासनीस हा पोटाच्या तक्रारी असलेला, शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी ठेवणारा मध्यमवयीन माणूस होता. आयुष्यभर लोकांचे अपघात ऐकून ऐकून त्याच्या चेहऱ्यावर धडकेनंतरची शांतता कायमची उतरली होती. त्याची एक पद्धत होती. टेबलाशी बसून जबाब घ्यायचा नाही. माणसांना स्वतःच्या गाडीत घालून अपघात झाला त्याच रस्त्याने, त्याच दिशेने, साधारण त्याच वेगाने न्यायचं.

"टेबलावर सगळे पाठ करून येतात," तो तिला गाडीत बसवताना म्हणाला. "जागेवर खरं बोलतात असं नाही. पण खोटं नीट बोलता येत नाही. सावकाश, पाय आडवा ठेवा. दुखतंय?"

"आहे तेवढंच," ती म्हणाली. दीर बरोबर नव्हते ते बरं झालं.

ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली. उरलेल्या जागेत वकीलबाई फाइलींसकट मावल्या. पुढे, चालवणाऱ्या तपासनिसाच्या शेजारी, सर. त्यांनी पट्टा लावला, आरसा कसा आहे ते बघितलं आणि तपासनिसाला सांगितलं, "तुमचा क्लच थोडा वर पकडतोय."

"हो, माझं सगळंच वर येतं," तपासनीस म्हणाला आणि छातीवर मूठ चोळली.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना तीच दुकानं, तोच सायकलींचा ढीग, तोच पडद्यांचा मोठा फलक. ती सीटमधल्या फटीतून पुढे बघत होती. तिला रस्ता फारसा दिसत नव्हता. दिसत होता तो सरांचा उजवा पाय, काळ्या पॉलिश केलेल्या बुटात, चटईवर शहाण्या मुलासारखा ठेवलेला.

"इथे कुठेतरी?" तपासनीस म्हणाला.

"पुढे. त्या औषधाच्या दुकानानंतर," सर सांगू लागले. "व्हॅन डावीकडून आली. हिने..."

आणि त्याच गल्लीतून एक मोटरसायकल बाहेर आली. फार वेगात नाही, अडचणीचीही नाही, नुसती नाक काढून थांबली. तपासनिसाने वेग जरासा कमी केला आणि निघून गेला.

पण त्याआधी गाडीत धाड असा आवाज झाला होता.

सरांचा बूट चटईत टाचेपर्यंत रुतला होता. पोटरी ताणलेली, गुडघा सरळ, हात डॅशबोर्डवर. सगळं अंग एका ब्रेकवर उभं होतं, आणि खाली ब्रेक नव्हता. ते बोलत होते ते वाक्यही तसंच अर्धवट अडकलं होतं.

तपासनिसाने गाडी कडेला घेतली. घाई नव्हती. त्याने पट्टीतून एक गोळी काढून तोंडात टाकली.

"सर," तो म्हणाला, "माझ्या गाडीत तिथे काही नाही. तुमच्या गाडीत काय असतं?"

"सर, उत्तर देऊ नका," मागून वकीलबाई म्हणाल्या.

सर खाली बघत होते. आपल्या घरात इतकी वर्षं एक भाडेकरू राहतोय आणि आपण त्याचं तोंडही पाहिलेलं नाही, असं कळल्यावर माणूस ज्या नजरेने दाराकडे बघेल, तसे ते स्वतःच्या बुटाकडे बघत होते. त्यांनी पाय उचलून मागे घेतला. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

मग ते पूर्ण मागे वळले. तपासनिसाकडे नाही, वकीलबाईंकडे नाही.

"अगं," ते म्हणाले, "तुझा पाय कुठे होता?"

तिला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं होतं की ब्रेक का दाबलात. डॉक्टरांनी विचारलं होतं की कुठे दुखतंय. वकीलबाईंनी विचारलं होतं, पाय कुणाचा.

"ॲक्सिलरेटरवर," ती म्हणाली.

"दाबलेला?"

"पूर्ण."

"सर, काकू, कृपा करून दोघंही..."

"म्हणजे आपण निघून गेलो असतो," सर म्हणाले.

"हो."

"रस्ता होता?"

"होता. मी बघितला होता."

सरांनी मान हलवली. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर हलवत तशी, सावकाश, दोनदा. त्यांचा चेहरा तिने नीट निरखून पाहिला. उघड्या तोंडात डोकावून बघायची सवय होती तिला. तिथे खोटं नव्हतं. त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं एवढंच की आता घरी जाऊन आडवं व्हावं.

"लिहून घ्या," सर तपासनिसाला म्हणाले. "दुसरा ब्रेक मी दाबला. हिचा निर्णय बरोबर होता. 'बरोबर' लिहिलंत का? आणि 'घाबरली' असं कुठे लिहिलं असेल, तर ते काढा."

"माझ्या कागदात तो शब्द नाही," तपासनीस म्हणाला. "ते तुम्हीच सगळीकडे सांगत होता."

वकीलबाईंनी डोळे मिटून डोकं मागे टेकलं. पुढे त्या म्हणायच्या, की अख्ख्या वकिलीत एवढ्या कमी वेळात एक अशील जिंकलेलं आणि दुसरं हरलेलं त्यांनी एकाच गाडीत पाहिलं नव्हतं.

*

घरी आल्यावर सर पलंगाच्या कडेला बसले.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही माफ केलं होतंत ना," ती म्हणाली. "मग ते परत कसं करायचं, मला कळेना."

ते हसले नाहीत. तिलाही हसू आलं नाही, पण वाक्य चांगलं झालं होतं, एवढं तिला जाणवलं.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं, म्हणजे रखडत, झालं. दोन विमा कंपन्या एकमेकींना इतकी आदरयुक्त पत्रं लिहू लागल्या की भांडतायत हे कळायलाच वेळ लागला. शेवटी व्हॅनवाल्यांचा मोठा वाटा आणि सरांच्या गाडीचा छोटा वाटा ठरला, आणि तिच्या हिश्शाला कात्री लागली नाही. शस्त्रक्रिया झाली. परवाना कार्यालयाने सरांना बोलावून समज दिली. समज देणारा अधिकारी त्यांचाच विद्यार्थी निघाल्यामुळे तो सगळा वेळ उभाच होता. काही विद्यार्थी सोडून गेले, काही नवे आले. छपरावरच्या पाटीवरचं ते वाक्य सरांनी स्वतः पांढऱ्या रंगाने पुसलं. रंग पातळ लागला. उन्हात अजूनही ते वाचता येतं, जरा नीट बघितलं तर.

दिरांना हा सगळा प्रकार पटला नव्हता. "नवऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल बायकोला भरपाई?" ते म्हणाले. "वहिनी, हा पायंडा पडला ना, तर अर्धं शहर श्रीमंत होईल."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते आमच्यासारखं बसेल, चहा पीत." आणि त्यांनी कप पुढे केला.

गुडघा वाकू लागला. पूर्ण नाही, पण दवाखान्यात उभं राहण्यापुरता. तात्पुरती मुलगी आता दुपारची पाळी करणार होती आणि ती सकाळची. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी एके दिवशी तिला सांगितलं, "आता पेडल दाबायला हरकत नाही. चालवता ना गाडी?"

"चालवायचे," ती म्हणाली. घरी येऊन तिने ते सहज म्हणून सांगितलं, भाजी चिरता चिरता. सर खाली गेले आणि छपरावरची पाटी काढून वर घेऊन आले. मग तिच्यासमोर किल्ली ठेवली.

तिने किल्लीकडे बघितलं. नको म्हणायला आता तिच्याजवळ कारण उरलं नव्हतं, आणि हो म्हणायला उत्साह नव्हता. शेवटी ती उठली, कारण बसून बसूनही कंटाळा येतोच.

दरवाजा नवा होता, त्याचा रंग बाकी गाडीशी जुळत नव्हता. ती बसली, सीट पुढे घेतली, आरसा लावला. गुडघा कुरकुरला. शेजारच्या बाजूने सर आत आले. खाली तो दुसरा ब्रेक होताच. शिकवण्याच्या गाडीतून तो काढता येत नाही, नियम आहे. सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी बूट काढले, ते मागच्या सीटवर ठेवले, आणि ज्या माणसाने शहराला सीटवर कसं बसायचं हे शिकवलं होतं, तो माणूस पट्टा लावून चक्क मांडी घालून बसला.

"अहो, हे काय?"

"चल तू."

"असं बसतात का गाडीत? तुम्हीच ओरडता पोरांना."

"पोरांना ओरडतो. चल."

तिने गाडी काढली. दुकानं गेली, सायकलींचा ढीग गेला, पडद्यांचा फलक गेला. औषधाच्या दुकानाशी आल्यावर तिने वेग कमी केला. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता. पाटीवर थांबला होता, पण नाक बाहेर होतं, आणि तो थांबलेलाच राहील याचा काही भरवसा नव्हता.

तिने शेजारी बघितलं नाही. "पाय कुठे आहे?" तिने विचारलं.

"हातात," सर म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी उजवं पाऊल घट्ट धरून ठेवलं होतं. ते उड्या मारत होतं.

तिने टेम्पोकडे बघितलं, पुढच्या रस्त्याकडे बघितलं, आणि ॲक्सिलरेटर दाबला.